प्रोसेसरवरील आकडा आणि त्याचा खरा वेग

थोडक्या पैशांत घरगुती संगणक जुळवू पाहणाऱ्यापुढे प्रोसेसरच्या निवडीचा प्रश्न हटकून उभा राहतो. एकाच घडणीच्या दोन प्रोसेसरांपैकी एकावर कमी वेगाचा आकडा असतो, दुसऱ्यावर अधिक वेगाचा. आणि दोहोंच्या किमतींत मोठे अंतर असते. मग स्वस्त प्रोसेसर त्यावरील आकड्यापेक्षा अधिक वेगाने चालविता येईल काय? पुष्कळदा येतो. या क्रियेस ओव्हरक्लॉकिंग असे म्हणतात. ती का साधते आणि तिचे मोल कोणत्या रूपाने द्यावे लागते, हे जाणून घेणे उद्बोधक आहे.

तालावर चालणारे काम

बांधकामावर मजूर रांगेने उभे राहून घमेली हातोहात पुढे देतात. सर्वांचे हात एका तालावर हलतात. ताल जलद केला की काम लवकर उरकते. परंतु घमेले हाती येण्यापूर्वीच पुढचा ताल पडला, तर ते खाली पडते. प्रोसेसरमधील लक्षावधी ट्रान्झिस्टरांचे काम असेच विद्युत्-स्पंदनांच्या तालावर चालते. सेकंदास दहा लक्ष स्पंदने म्हणजे एक मेगाहर्ट्झ. वेग ३०० मेगाहर्ट्झ असता दोन स्पंदनांमध्ये सुमारे ३.३ नॅनोसेकंद, म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागाच्या सव्वातीन पटींहून थोडा अधिक, अवधी मिळतो. वेग ४५० मेगाहर्ट्झ केल्यास हा अवधी २.२ नॅनोसेकंदांवर येतो. एवढ्या वेळात सर्वांत लांबच्या मार्गाने जाणारा संकेतही मुक्कामी पोचला पाहिजे.

आकडा कसा ठरतो?

सिलिकॉनच्या एकाच चकतीवर पुष्कळ चिप घडविल्या जातात. तरी त्या सर्व तंतोतंत सारख्या निपजत नाहीत. म्हणून कारखान्यात प्रत्येकीची परीक्षा होऊन वेगानुसार प्रतवारी केली जाते. उन्हाळ्याची उष्णता, विद्युत्दाबातील चढउतार आणि कालांतराने होणारी झीज ध्यानात घेऊन थोडी क्षमता राखून ठेवली जाते. पुलाच्या तोंडाशी वजनाची मर्यादा लिहिलेली असते, तसाच हा आकडा होय. तो पूल कोसळण्याचे वजन सांगत नाही. कितीपर्यंत निर्धास्त राहावे, ते सांगतो. शिवाय स्वस्त मालास मागणी अधिक असली, तर अधिक वेग सोसणाऱ्या चिपांवरही कमी आकडा छापला जातो.

१९९८ मधील एक उदाहरण

इंटेल कंपनीने ऑगस्ट १९९८ मध्ये 'सेलेरॉन ३००ए' हा प्रोसेसर बाजारात आणला. त्याची घाऊक किंमत १४९ डॉलर होती. त्याच सुमारास आलेल्या ४५० मेगाहर्ट्झच्या 'पेंटियम टू'ची ६६९ डॉलर. सेलेरॉनचा गुणक ४.५ असा कायम केलेला होता. मदरबोर्डाकडून येणाऱ्या ६६ मेगाहर्ट्झच्या मूळ तालास या गुणकाने गुणले की ३०० मेगाहर्ट्झ होतात. गुणक बदलता येत नसला, तरी मूळ ताल बदलता येत होता. तो १०० मेगाहर्ट्झ केला की गुणाकार येई ४५०.

हे साधण्याचे आणखी एक कारण होते. पेंटियम टूची कॅश स्मृती निराळ्या चिपांत असून ती प्रोसेसरच्या निम्म्या वेगाने चाले. सेलेरॉन ३००एची १२८ किलोबाइटची कॅश मात्र प्रोसेसरच्याच चिपेवर असून त्याच्याच वेगाने चाले. त्यामुळे वेग वाढविताना बाहेरील मंद चिपांचा अडसर येत नसे. मूळ ताल १०० मेगाहर्ट्झ ठेवण्यातही सोय होती. बोर्डावरील इतर कार्डांचा नियत वेग ३३ मेगाहर्ट्झ होता. १०० ला ३ ने भागून तो जवळजवळ अचूक मिळे. पण ८३ मेगाहर्ट्झचा ताल निवडल्यास २ ने भागून तो ४१ च्या वर जाई आणि हार्ड डिस्कवरील माहिती बिघडण्याची भीती असे.

उष्णतेचा हिशेब

चिपेत स्पंदनांमुळे निर्माण होणारी उष्णता वेगाच्या प्रमाणात आणि विद्युत्दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग ३०० वरून ४५० केल्यास ती दीडपट होते. त्याबरोबर दाब २.० व्होल्टवरून २.२ व्होल्ट केला, तर १.१ चा वर्ग १.२१, म्हणून एकूण उष्णता सुमारे १.८ पट होते. दाब वाढविल्याने ट्रान्झिस्टर चपळ होतात खरे, परंतु चिपेचे आयुष्यही घटते. मोठा पंखा व उष्णता शोषणारी धातूची जाड पट्टी घ्यावयाची, तर त्यांचा खर्च वाचविलेल्या पैशांतून वजा केला पाहिजे.

खरा धोका

संगणक मध्येच बंद पडला, तर मर्यादा ओलांडल्याचे तत्काळ कळते. खरा धोका निराळा आहे. संगणक सुरळीत चालल्यासारखा दिसतो, मात्र एखादे घमेले वाटेत पडावे तसा हजारो गणितांतून एखादा अंक चुकतो. हिशेब चुकीचा लिहिला जातो, साठविलेले चित्र बिघडते आणि पुष्कळ दिवस कोणाच्या ध्यानातही येत नाही. म्हणून वेग थोडाथोडा वाढवून, ज्याचे उत्तर आधी ठाऊक आहे असे अवघड गणित प्रोसेसरकडून कित्येक तास अखंड सोडवून घेतात. एकही उत्तर चुकले, तर वेग खाली आणतात. ही परीक्षा उन्हाळ्यातील दुपारी उतरली, तरच ती पुरी झाली असे समजावे.

आजचे अनेक प्रोसेसर स्वतःची उष्णता मोजून, वाव असेल तेवढा वेग आपणच वाढवितात. आणि पुष्कळ स्वस्त प्रोसेसरांत तो हाताने वाढविण्याची मुभाच नसते. तत्त्व मात्र बदललेले नाही. छापलेल्या आकड्यापर्यंतची हमी उत्पादक देतो. त्यापलीकडचा वेग विनामूल्य भासतो. पण तेथे परीक्षकाचे काम वापरणाऱ्याकडे येते आणि चुकीचा भुर्दंडही त्यालाच सोसावा लागतो.