विलायतेत कुटुंब नेताना: युरोपच्या कायद्याने काय दिलं, काय उरलं

आमच्या भाचीचं सासर मडगावचं. २०१५ साली तिचा निकाह झाला तेव्हा जावई इंग्लंडमध्ये स्विंडन या गावी एका गोदामात कामाला होता. पासपोर्ट पोर्तुगालचा. गोव्यात याचं कुणाला नवल वाटत नाही. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोवा, दमण किंवा दीव इथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्व मिळवता येतं, आणि जावयाच्या वालिदांचा जन्म त्या तारखेच्या आधीचा. ते नागरिकत्व घेतलं की भारताचं जातं, ही गोष्ट घरातल्या बऱ्याच जणांना नंतर कळली. भाची मात्र रत्नागिरीची, पासपोर्ट भारतीय. निकाहाला जमलेल्या आम्हा वडीलधाऱ्यांना एकच काळजी: हिला तिकडे कधी नेणार?

जावयाने जे सांगितलं ते आम्हाला खरं वाटेना. या परवान्याला फी नाही, पगाराची ठरावीक अट नाही, इंग्रजीची परीक्षा नाही. लग्नाचे कागद, त्याचा पासपोर्ट, त्याच्या नोकरीचे पुरावे, बस्स. २०१६ मध्ये भाची गेलीसुद्धा.

त्याच वर्षी आमच्या ओळखीतलं दुसरं एक घर रडकुंडीला आलं होतं. तिथला मुलगा बर्मिंगहॅममध्ये जन्मलेला, बापाच्या वेळेपासून ब्रिटिश नागरिक. बायको चिपळूणची. ब्रिटनने ९ जुलै २०१२ पासून नियम केला होता की परदेशी जोडीदाराला आणायचं तर ब्रिटनमधल्या माणसाची वर्षाची कमाई किमान १८,६०० पौंड हवी. एक परदेशी मूल सोबत असेल तर २२,४०० आणि पुढच्या प्रत्येक मुलामागे आणखी २,४००. परदेशातली बायको तिथे येऊन काय कमावेल ते धरत नसत. मुलगा दुकानात काम करी, आकडा गाठता येत नव्हता. त्याच्या अम्मीने आम्हाला विचारलं, "माझा पोरगा तिथलाच, तरी त्याची बायको अडकली, आणि तुमचा गोव्याचा जावई बाहेरून जाऊन बायको घेऊन गेला, हे कसं?"

प्रश्न रास्त होता.

याचं कारण असं की दोघांवर दोन वेगळे कायदे लागू होत होते. ब्रिटिश मुलावर ब्रिटनचे स्वतःचे इमिग्रेशन नियम. जावयावर युरोपीय संघाचा कायदा, कारण तो एका सदस्य देशाचा नागरिक असून दुसऱ्या सदस्य देशात कामाला गेला होता. या कायद्याचा मुख्य दस्तऐवज म्हणजे २००४ चा निर्देश ३८. त्यामागचा विचार सरळ आहे: कामगाराला देशोदेशी मोकळेपणाने जाऊ द्यायचं असेल तर त्याच्या बायकामुलांना मागे ठेवून चालणार नाही, नाहीतर तो जाणारच नाही. म्हणून कुटुंबाला सोबत राहणं हा त्याचा हक्क ठरवला. कुटुंबातली माणसं कुठल्या देशाची आहेत याला महत्त्व नाही. २५ जुलै २००८ ला युरोपीय न्यायालयाने मेटॉक खटल्यात आणखी स्पष्ट केलं की जोडीदार आधी दुसऱ्या एखाद्या युरोपीय देशात कायदेशीर राहिलेला असला पाहिजे, अशीही अट घालता येत नाही. अट होती ती युरोपीय नागरिकाने काम, धंदा किंवा शिक्षण करावं किंवा स्वतःच्या पैशावर राहावं, एवढीच.

मग ब्रिटिश माणसाने काय करायचं? त्याचं उत्तर ज्या खटल्यातून आलं त्यात एक भारतीयच होता. सुरिंदर सिंग यांनी १९८२ मध्ये ब्रॅडफर्डला एका ब्रिटिश बाईशी लग्न केलं. दोघं जर्मनीत जाऊन १९८३ ते १९८५ नोकरी करून आले आणि इंग्लंडमध्ये धंदा सुरू केला. पुढे संसार मोडला, आणि सिंग यांना देशाबाहेर काढण्याचा हुकूम निघाला. प्रकरण लक्झेंबर्गच्या न्यायालयात गेलं. ७ जुलै १९९२ ला निकाल लागला: जो नागरिक दुसऱ्या सदस्य देशात काम करून मायदेशी परततो, त्याच्या जोडीदाराला निदान तेवढे हक्क मिळालेच पाहिजेत जेवढे त्या दुसऱ्या देशात मिळाले असते.

पगाराची अट आल्यावर हा जुना निकाल ब्रिटनमधल्या आशियाई घरांत पुन्हा वर आला. ज्यांना १८,६०० चा आकडा जमत नव्हता ते आयर्लंड, हॉलंड, जर्मनी अशा देशांत जाऊन काही महिने खरोखर राहिले, कामं केली, बायकोला तिथे बोलावलं आणि मग दोघं परत आले. यालाच तिथले लोक 'सुरिंदर सिंग रूट' म्हणायचे. १ जानेवारी २०१४ पासून ब्रिटनने यावर कसोटी लावली: त्या देशात तुमचं जगणं खरंच रुजलं होतं का? घर, नोकरी, मुलांची शाळा, भाषा, सगळं पाहिलं जाऊ लागलं. त्याच वर्षी मार्चमध्ये युरोपीय न्यायालयानेही म्हटलं की शनिवार-रविवारच्या फेऱ्या धरता येणार नाहीत. तीन महिन्यांहून जास्त आणि खरं वास्तव्य हवं. बर्मिंगहॅमच्या त्या मुलाने हा विचार केला होता. पण अम्मीच्या आजारपणामुळे त्याला घर सोडता आलं नाही. शेवटी दुसरी नोकरी धरून, रात्रपाळ्या करून त्याने आकडा गाठला. बायको तिथे पोहोचेपर्यंत मुलगी अडीच वर्षांची झाली होती. फोनवर ती बापाला 'चाचा' म्हणायची.

आता बायकोपलीकडचं कुटुंब. आपल्याकडे कुटुंब म्हटलं की आई-वडील त्यात आलेच, आणि युरोपच्या कायद्याची ही बाजू आम्हाला सगळ्यात जास्त भावली. त्यात नवरा किंवा बायको, २१ वर्षांखालची किंवा अवलंबून असलेली मुलं-नातवंडं आणि अवलंबून असलेले आई-वडील, आजी-आजोबा येतात. शिवाय दोघांचेही! म्हणजे नवऱ्याच्या हक्कावर बायकोची अम्मीही येऊ शकते. ९ जानेवारी २००७ च्या निकालातली गोष्ट तर अशी की सून जर्मन, स्वीडनमध्ये धंदा करणारी, मुलगा चिनी, आणि सुनेच्या हक्कावर राहायला मागत होती ती चिनी सासू. भाऊ-बहीण, पुतणे-भाचे यांना मात्र असा थेट हक्क नव्हता. त्यांचा अर्ज नीट तपासावा, एवढंच सरकारवर बंधन.

ब्रिटनचा स्वतःचा नियम याच्या अगदी उलट. २०१२ पासून ब्रिटिश नागरिकाला आई आणायची असेल तर तिला वय, आजार किंवा अपंगत्वामुळे रोजची कामंही दुसऱ्याच्या मदतीशिवाय जमत नाहीत, हे दाखवावं लागतं. वर हेही की मुलाने पैसे पाठवले तरी तशी देखभाल तिच्या देशात मिळत नाही किंवा परवडत नाही. आई हिंडतीफिरती असेल तर ती बसत नाही. अंथरुणाला खिळली तर भारतात नर्स मिळते, म्हणून बसत नाही. एकटेपण त्या कागदावर कुठे लिहायचं, तो रकानाच नाही.

युरोपच्या कायद्यात 'अवलंबून' याचा अर्थ वेगळा लागला. वर सांगितलेल्या चिनी सासूच्या निकालात न्यायालयाने म्हटलं की आपल्या देशात असताना मूलभूत गरजांसाठी तिला या मदतीची खरी गरज आहे का, एवढं पाहावं. पुरावा कुठल्याही योग्य मार्गाने द्यावा. पण 'मी सांभाळीन' असं नुसतं लिहून देणं पुरेसं नाही. २०१४ मध्ये फिलिपाइन्सच्या एका मुलीच्या प्रकरणात पुढचं सांगितलं: बराच काळ नियमितपणे पैसे येत होते आणि त्याशिवाय तिचं भागत नव्हतं, हे पुरे. तिने नोकरी शोधायचा प्रयत्न केला का, हे विचारायचं नाही.

नियमित पैसे. इथेच आमच्या घरचं गाडं अडलं.

भाचीची सासू बांद्याची, महाराष्ट्राच्या बाजूची, तिचा पासपोर्ट भारतीय. २०२१ मध्ये सासरे वारले आणि ती मडगावच्या घरात एकटी उरली. जावई दर महिन्याला पैसे पाठवायचाच, लग्नाआधीपासून. पण कसे? स्विंडनहून कुणी सुट्टीवर येत असेल त्याच्या हाती. ईदला जरा जास्त. सासूबाई एका वहीत लिहून ठेवायच्या: अमक्याच्या हस्ते इतके. २०२२ मध्ये तिच्यासाठी अर्ज केला तेव्हा त्या वहीची झेरॉक्स जोडली. अर्ज नामंजूर. आम्ही आधी रागावलो, मग पत्र नीट वाचलं. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की या बाईचं घर मुलाच्या पैशावर चालतं, हे कागदावरून दिसत नाही. दिसत नव्हतंच.

मग सगळं पुन्हा उभं केलं. सासूबाईंचं बँकेत खातं होतं, पण वापरात नव्हतं. ते सुरू केलं. वर्षभर दर महिन्याला त्याच खात्यात पैसे आले आणि त्यातूनच वीजबिल, किराणा, औषधं भागवली. औषधाच्या दुकानाच्या पावत्या तारखेप्रमाणे लावल्या. सासऱ्यांची पेन्शन नाही, दुसरं उत्पन्न नाही, याचे कागद काढले. जावयाचा जन्मदाखला जोडला, त्यावर आईचं नाव एका स्पेलिंगने आणि तिच्या पासपोर्टवर दुसऱ्या. त्याचं प्रतिज्ञापत्र केलं. या स्पेलिंगपायी आमचे दोन महिने गेले.

कागदांचा विषय निघालाच आहे तर निकाहाबद्दल सांगितलंच पाहिजे, कारण यात आपली माणसं हमखास फसतात. लग्न जिथे लागलं तिथल्या कायद्याने ते वैध असावं लागतं. महाराष्ट्रात शरियतप्रमाणे झालेला निकाह वैध आहे. तरीही नोंदणीचा दाखला जवळ असला की वाद राहत नाही. गोव्यात मात्र जुना पोर्तुगीज नागरी कायदा मुसलमानांनाही लागू आहे आणि सिव्हिल रजिस्ट्रारपुढे नोंदणी करावीच लागते. काझीसाहेबांच्या निकाहनाम्यावर भागत नाही. इंग्लंडमध्ये नुसता निकाह केला आणि सरकारी नोंदणी केली नाही, तर कायद्याच्या लेखी ते लग्नच नाही. २०२० मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने हेच पुन्हा सांगितलं. त्याची किंमत बहुतेक वेळा मुलीच मोजतात.

आणखी एक निकाल आपल्या घरांनी जाणून घ्यावा असा आहे. इंग्लंडमध्ये राहणाऱ्या एका फ्रेंच जोडप्याने अल्जीरियातली एक टाकून दिलेली मुलगी तिथल्या कोर्टाच्या हुकमाने 'कफाला' पद्धतीने सांभाळायला घेतली. आपल्याला माहीतच आहे, इस्लाममध्ये यतीमाला वाढवण्याचं मोठं पुण्य आहे, पण दत्तक घेऊन त्याचा वंश बदलत नाहीत. मग ही मुलगी कायद्याने त्यांची 'मूल' ठरते का? २६ मार्च २०१९ ला युरोपीय न्यायालयाने म्हटलं की ती थेट अपत्य ठरत नाही. परंतु कुटुंबातली इतर व्यक्ती म्हणून तिचा विचार करावा, आणि मुलीचं हित व त्यांच्यातलं खरं कौटुंबिक नातं पाहता ती त्यांच्यावर अवलंबून असेल, तर तत्त्वतः तिला प्रवेश द्यावा. मुलीचा वंश तिचाच राहिला आणि घराचं दारही उघडं राहिलं.

हे दार आता बरंचसं मिटलं आहे. ब्रिटन ३१ जानेवारी २०२० ला युरोपीय संघातून बाहेर पडलं आणि त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला जुना कायदा तिथे थांबला. सुरिंदर सिंग मार्गाने परतणाऱ्या घरांना साधारणपणे २९ मार्च २०२२ पर्यंतची मुदत होती, तीही गेली. जे युरोपीय नागरिक त्या ३१ डिसेंबरपूर्वी ब्रिटनमध्ये राहत होते, त्यांच्यासाठी थोडं उरलं आहे: त्या तारखेआधीचं लग्न असेल तर जोडीदार, तसेच मुलं आणि अवलंबून असलेले आई-वडील आजही येऊ शकतात, आणि त्या परवान्याला अजूनही फी नाही. जोडीदाराच्या आई-वडिलांसाठीही लग्न त्या तारखेआधीचं हवं. पण पोर्तुगीज पासपोर्टवाल्याने नंतर निकाह केला असेल तर त्याच्या बायकोला ब्रिटनचेच नियम, आणि तो १८,६०० चा आकडा एप्रिल २०२४ पासून २९,००० पौंड झाला आहे. गोव्यातल्या ज्या घरांत आता सोयरीक चालू आहे त्यांनी हे हळद लागण्याआधी विचारून घ्यावं. आयर्लंड, जर्मनी, फ्रान्स इथे राहणाऱ्या पोर्तुगीज नागरिकांना मात्र २००४ चा निर्देश आजही पूर्वीसारखाच लागू आहे.

सासूबाईंचा दुसरा अर्ज २०२३ च्या अखेरीस मंजूर झाला. पोहोचल्यापासून तीन महिन्यांत तिथे पुढचा अर्ज करायचा असतो. तोही जावयाने पहिल्याच आठवड्यात केला. आम्ही त्यांना मोपा विमानतळावर सोडायला गेलो होतो. सामानात सुकी मासळी नको, असं भाचीने चारदा बजावलं होतं, म्हणून ती काढून आमच्याकडे दिली. हातातल्या पिशवीत जानमाज, औषधं आणि ती हिशेबाची वही होती. वही कशाला, असं विचारलं तर म्हणाल्या, शेवटचे दोन महिने लिहायचे राहिलेत.