गिरणी कामगाराची नोंद कुठे असणार?

‘आमच्यासारख्यांची नोंद कुठे असणार? गिरणी गेली, तिच्याबरोबर कागदही गेले.’ मुंबईच्या डिलाईल रोडवर हे इतक्यांदा ऐकलंय की आता संताप येतो. पणजोबा कोकणातून नाहीतर घाटावरून आले, साच्यावर लागले, चाळीत राहिले. त्यामागचं काही मिळायचं नाही, हे घरातल्या शिकलेल्या पोरांनीही धरून टाकलेलं असतं. मग जातपडताळणीची मुदत जवळ येते. अनुसूचित जातीला 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा, विमुक्त-भटक्यांना 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीचा, इतर मागासवर्गीयांना 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा लागतो. घरची मंडळी मुंबईत हेलपाटे घालतात, हात हलवत परत येतात आणि शेवटी एखाद्या एजंटच्या हातावर पैसे ठेवतात.

नोंद असते. शोध चुकीच्या जागी चाललेला असतो.

हा गैरसमज पसरायला परदेशी उदाहरणंही थोडी कारणीभूत आहेत. कॅनडातला भाचा सांगतो, शेजाऱ्याचा खापरपणजोबा इंग्लंडहून कुठल्या बोटीने, कुठल्या साली आला ते त्याला घरबसल्या सापडलं. बरोबर आहे. समुद्र ओलांडून दुसऱ्या देशात उतरणाऱ्याची बंदरावर यादी होते, आणि कॅनडाच्या राष्ट्रीय अभिलेखागारात 1865 पासूनच्या अशा याद्या आहेत. त्याआधीच्या तिथेही सलग मिळत नाहीत, हे भाचा सांगत नाही. रत्नागिरी, सातारा आणि मुंबई मात्र एकाच मुंबई इलाख्यात होते. मालवणहून बोटीने निघालेल्याला किंवा कराडहून गाडीत बसलेल्याला मुंबईत पाय ठेवायला परवाना लागत नव्हता, त्यामुळे कुणी यादीही केली नाही. तोच कोकणी माणूस एकोणिसाव्या शतकात करारबद्ध मजूर म्हणून मॉरिशसला गेला असता, तर त्याचं नाव, बापाचं नाव, जात, वय, उंची, गाव सगळं रजिस्टरात उतरलं असतं. ती रजिस्टरं मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये जपून ठेवलेली आहेत आणि त्यांवरून मॉरिशसच्या मराठी कुटुंबांना आपलं मूळ गाव कळतं.

पण प्रवासाची नोंद नाही म्हणून माणसाचीच नोंद नाही, हे कुठलं तर्कशास्त्र? गिरणी कामगाराने कागदोपत्री गाव सोडलंच नव्हतं. तो इथे गावकीच्या खोलीत वळकटी टाकून राहायचा, खाणावळीत जेवायचा. बायको, म्हातारे आईबाप आणि असलीच तर गुंठाभर जमीन गावाकडे. गणपतीला आणि शिमग्याला तो घरी जायचा. सरकारचं दप्तर त्याला गावचाच माणूस समजत होतं.

म्हणून पहिला शोध गाव नमुना 14 चा घ्या. हे गावचं जन्म-मृत्यूचं रजिस्टर. कोतवाल बुक म्हणतात तेही हेच. जुनी रजिस्टरं बहुतेक तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात असतात. त्यात तारीख, बापाचं नाव, जात असे रकाने असतात. आणि इथेच बहुतेक जण चुकतात: आजोबांचा जन्म ते वडिलांच्या गावात शोधतात. बाळंतपणाला बाई माहेरी जायची. आजोबांची नोंद त्यांच्या आईच्या माहेरच्या गावात असण्याचा संभव मोठा आहे, कधी दुसऱ्या तालुक्यात. पणजीचं माहेर कुठलं हे घरात कुणालाच माहीत नसतं, आणि त्या एका गोष्टीपायी शोध अडतो.

जमीन असेल तर फेरफार काढा. पणजोबा वारल्यावर तलाठ्याने घातलेल्या वारसनोंदीत मयताचं नाव आणि वारसांची नावं ओळीने मिळतात, खाली सर्कलची मंजुरी. अर्ध्या पानात दोन पिढ्या. मुलगा मुंबईला गिरणीत होता म्हणून वारसातून त्याचं नाव गळत नाही; जुन्या नोंदींत मुलींची नावं मात्र पुष्कळदा गाळलेली दिसतात. अनेक जिल्ह्यांचे जुने सातबारे आणि फेरफार राज्य सरकारने स्कॅन करून संकेतस्थळावर ठेवले आहेत. जमीन नव्हती त्यांनी गावच्या प्राथमिक शाळेचं जनरल रजिस्टर बघावं. आजोबा दोनच इयत्ता शिकले असले तरी दाखल झाले तेव्हाची जात आणि जन्मगाव त्यात लिहिलेलं असतं.

सर्वसामान्यांच्या नोंदी नसतातच म्हणणाऱ्यांनी 2023 साल आठवावं. कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि तालुक्या-तालुक्यांतली ही दप्तरं उघडली गेली. लाखो नोंदी निघाल्या. त्या राजेसरदारांच्या नव्हत्या, शेतावर राबणाऱ्यांच्या होत्या.

मग ‘आम्ही गावाला जाऊन आलो, काही नाही’ असं का होतं? एक तर कागद मोडी लिपीत असतो आणि कारकुनाला मोडी येत नाही. मोडी वाचणारे आजही आहेत; पुराभिलेख संचालनालय त्याचे वर्गही घेतं. दुसरं, तुम्ही आडनाव शोधता आणि जुन्या दप्तरात ते पुष्कळदा नसतंच. तिथे ‘राघू बिन भिवा’ असतो, म्हणजे भिवाचा मुलगा राघू, किंवा ‘सखू कोम राघू’, म्हणजे राघूची बायको सखू. तिसरं कारण जिल्ह्याचं. सिंधुदुर्ग 1981 साली रत्नागिरीतून वेगळा झाला, सावंतवाडी 1948 पर्यंत संस्थान होतं, रायगडचं नाव कुलाबा होतं आणि सांगलीला 1960 पर्यंत दक्षिण सातारा म्हणत. आजच्या जिल्ह्याचं नाव घेऊन खिडकीवर उभं राहिलं की ‘नाही’ हेच उत्तर येणार.

मुंबईत काहीच नाही असंही नाही. भविष्य निर्वाह निधीचा कायदा 1952 चा, कामगार विमा योजना मुंबईत 1954 साली आली. त्यानंतर कामावर असलेल्याचा निधीचा किंवा विम्याचा नंबर गिरणी बंद पडली म्हणून पुसला जात नाही. गिरणीचा पास आणि त्यावरचा तिकीट नंबर असेल तर फार उत्तम. गिरणी कामगारांच्या घरांच्या योजनेत 1 जानेवारी 1982 रोजी किंवा त्यानंतर कामावर असल्याचा पुरावा लागतो, तो याच कागदांतून उभा राहतो. गावाच्या मुंबई मंडळाकडे वर्गणीच्या आणि सभांच्या जुन्या वह्या असतात. त्यात कोण कुठल्या चाळीत, कुणाचा कोण, हे मिळून जातं. त्या वह्या मागायला कुणी जात नाही, याचं वाईट वाटतं. आणि हो, जुन्या कागदावर डिलाईल रोड असेल आणि नव्यावर ना. म. जोशी मार्ग, तर ते दोन पत्ते नव्हेत. रस्ता एकच.

आता बाकीचे गैरसमज. ‘जनगणनेत नाव सापडेल’: नाही सापडणार. 1948 च्या जनगणना कायद्याच्या कलम 15 नुसार व्यक्तीची नोंद कुणालाही पाहता येत नाही. इंग्लंडने 1921 ची जनगणना 2022 मध्ये आणि कॅनडाने 1931 ची 2023 मध्ये लोकांना खुली केली, तसं आपल्याकडे नाही. ‘आडनाव एक म्हणजे कूळ एक’: गावाच्या नावावरून पडलेलं आडनाव त्या गावातल्या अनेक जातींची घरं लावतात. ‘डीएनए तपासणीत गाव कळतं’: कळत नाही. कुठल्या लोकसमूहांशी जवळीक आहे याचा अंदाज मिळतो, एवढंच. ‘दाखल्यावरची जन्मतारीख पक्की’: मास्तरांनी अंदाजाने घातलेला 1 जून महाराष्ट्रात घरोघरी आहे. ‘भटजींच्या वह्या म्हणजे थापा’: त्र्यंबकेश्वर-नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळ्यांत गाववार नावं असतात आणि त्या आपल्या दप्तराशी ताडून पाहता येतात.

बीडीडीच्या (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटच्या) 207 चाळींपैकी 32 डिलाईल रोडच्या. त्यांचा पुनर्विकास चालू आहे आणि 160 चौरस फुटांच्या खोल्या रिकाम्या करताना माळ्यावरच्या ट्रंका भंगारात जाताना दिसतात. त्यात भाडेपावत्या असतात, गिरणीचे पास असतात, गावाकडची पोस्टकार्डं असतात आणि त्या पोस्टकार्डांवर गाव, पोस्ट, तालुका स्वच्छ लिहिलेला असतो. ट्रंक विकण्याआधी उघडा, प्रत्येक कागदाचा फोटो काढा. घरात म्हातारं माणूस असेल तर याच रविवारी त्याच्याजवळ बसा आणि त्याच्या आईचं, आजीचं माहेर कुठलं ते विचारून लिहून ठेवा.