लोकरी ससा आणि वऱ्हाडचे ऊन

वाशीम जिल्ह्याच्या कारंजा तालुक्यातील धनजच्या परिसरात ससा हा प्राणी नवा नाही. तुरीच्या धुऱ्यावरून तिन्हीसांजेला झेपावत जाणारा करडा रानससा सर्वांच्या परिचयाचा आहे. तथापि लांब, रेशमी केसांचा आणि जेमतेम दीड किलो वजनाचा जो बुटका ससा आता शहरांतील दुकानांतून खेड्यांतल्या घरांतही येऊ लागला आहे, त्याचा या रानसशाशी रक्ताचा संबंध नाही. रानसशाच्या पेशीत ४८ गुणसूत्रे, तर पाळीव सशाच्या पेशीत ४४ असतात. रानसशाची पिले अंगावर केस व डोळे उघडे घेऊनच जन्मतात. पाळीव सशाची पिले उघडी, आंधळी आणि सर्वस्वी असहाय असतात. या दोहोंचा संकर होत नाही. रानसशाला १९७२च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाचे संरक्षण असल्याने तो पकडून पाळणे हा गुन्हा ठरतो, हेही शाळाशाळांतून सांगितले जावे.

लांब केसांच्या सशांचा मूळपुरुष म्हणजे अंगोरा. तुर्कस्तानातील अंकारा शहराच्या जुन्या नावावरून त्याला हे नाव मिळाले. त्याची लोकर अत्यंत तलम असते आणि दर अडीच-तीन महिन्यांनी कातरली जाते. भारतात अंगोरा सशाचे संगोपन थंड डोंगराळ भागांत झाले. राजस्थानातील अविकानगर येथील केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेचे हिमाचल प्रदेशात कुलू जिल्ह्यात गडसा येथे केंद्र असून तेथे या सशांवर काम चालते. ही जागा विचारपूर्वक निवडलेली आहे. अंगोऱ्याचा आकार लहान करून पुढे ‘जर्सी वूली’सारख्या बुटक्या जाती अमेरिकेत तयार झाल्या; तेथील ससेपालक संघटनेने या जातीला १९८८ मध्ये मान्यता दिली. मानेभोवती आयाळ असणारा ‘लायनहेड’ मूळचा बेल्जियममधला. हे सारे प्राणी थंड मुलखातले आहेत.

वऱ्हाडात मात्र एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर राहतो. सशाला माणसासारखा घाम येत नाही. शरीरातील उष्णता तो मुख्यत्वे कानांवाटे बाहेर टाकतो. त्यातही बुटक्या जातीचे कान आखूड, आणि अंगावर लोकरीचा कोट! तापमान ३० अंशांच्या वर गेले की त्याला त्रास सुरू होतो. टिनाच्या छपराखाली ठेवलेला असा ससा मे महिन्याची एक दुपारही काढू शकत नाही. म्हणून पिंजरा जाड भिंतीच्या, हवेशीर खोलीत ठेवावा, दारे-खिडक्यांना ओले गोणपाट बांधावे, जवळ पाण्याने भरलेले मातीचे मडके आडवे लागेल असे ठेवावे आणि फेब्रुवारी संपताच अंगावरचे केस कातरून आखूड करावेत. कातरलेला ससा दिसायला गोजिरा राहत नाही, पण तो जगतो. जोराने श्वास घेत, मान वर करून, ओले नाक घेऊन तो पडला असेल तर कान गार पाण्याने ओले करून त्वरित पशुवैद्यकाकडे न्यावा. बर्फाच्या पाण्यात बुडविण्याचा उपाय धोक्याचा आहे.

केसांचा दुसरा धोका पोटात असतो. ससा स्वतःला चाटतो, केस गिळतो आणि त्याला ओकता येत नाही. आतडे चालते राहिले तरच केस लेंडीवाटे बाहेर पडतात, आणि आतडे चालते ठेवते ते वाळलेले गवत. म्हणून आहाराचा मोठा भाग गवताचा असावा. धान्य व भरडा अगदी थोडा. बिस्किटे देण्याची हौस टाळलेलीच बरी. सशाचे दात आयुष्यभर वाढतात, तेही गवत चावल्यानेच झिजतात. फवारणी झालेल्या शेताच्या धुऱ्यावरचा चारा कधीही घालू नये. ससा पहाटे स्वतःचीच मऊ लेंडी खाताना दिसला तर घाबरू नये, ती त्याच्या पचनाची रीतच आहे. मात्र अर्धा दिवस लेंडी पडली नाही व खाणेही थांबले, तर वाट पाहू नये.

दोन-तीन दिवसांआड रुंद दातांच्या फणीने केस विंचरावेत. पावसाळ्यात शेपटीखालचे केस ओले, मळके राहिले तर माश्या तेथे अंडी घालतात आणि अळ्या जिवंत कातडी पोखरतात. खरजेसाठी कुत्र्याचे औषध परस्पर लावू नये. फिप्रोनिल असलेले औषध सशाच्या जिवावर बेतते.

पैदाशीत तर गणित कळल्याशिवाय पडूच नये. बुटकेपणा एका जनुकामुळे येतो. दोन्ही बुटक्या जनकांकडून ते मिळालेले पिलू, म्हणजे सरासरीने चारांतले एक, काही दिवसांतच मरते. दोन बुटकी व एक सामान्य आकाराचे निपजते. नर बुटका आणि मादी त्याच कुळातील सामान्य आकाराची घेतली, तर असे मृत्यू टळतात आणि मादीचे बाळंतपणही सोपे जाते. अंगोऱ्याचा लांब केसांचा गुण अप्रभावी असल्याने शुद्ध आखूड केसांच्या जोडीदाराची पहिली सर्व पिढी आखूड केसांचीच निघते. मेंडेलचे नियम शिकविणाऱ्या शिक्षकाला याहून जिवंत उदाहरण मिळणे कठीण.

मादीला नराच्या पिंजऱ्यात न्यावे, उलट नव्हे. परक्याला ती आपल्या जागेत चावते. समागमानंतर सुमारे दहा तासांनी बीज सुटते आणि ३० ते ३२ दिवसांनी पिले होतात, बुटक्या जातीत बहुधा दोन ते चार. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास वाळलेले मऊ गवत घालून पेटी ठेवावी. मादी स्वतःचे केस उपटून गादी करते. ते लांब केस पिलांच्या मानेपायांना गुंडाळले जातात, म्हणून ते बारीक कातरून परत ठेवावेत. कापसाचा मुलूख असला तरी पेटीत कापूस घालू नये, त्याचेही धागे तसेच आवळतात. आई दिवसातून एखाद्याच वेळी दूध पाजते. ‘आईने टाकले’ असे समजून पिलांना गाईचे दूध पाजण्याची घाई करू नये. पोट गोल व कातडी ताणलेली असेल तर ती तृप्त आहेत. डोळे दहा-बारा दिवसांनी उघडतात. आठ आठवड्यांपूर्वी त्यांना आईपासून तोडू नये.

उन्हाळ्याच्या झळीने नराचे वीर्य काही आठवडे निकामी होते. तेव्हा जोडी लावण्याचा हंगाम दसऱ्यापासून माघापर्यंतच धरावा.

राहिला प्रश्न उत्पन्नाचा. लोकरीसाठी अंगोरा पाळणे धनजसारख्या गावी परवडणारे नाही. शोभेच्या पिलांना गिऱ्हाईक मिळते ते शहरात, तेही मोजके. शिवाय २०१८च्या नियमांनुसार पाळीव प्राण्यांच्या दुकानाला नोंदणी आवश्यक आहे. ‘पिंजरे घ्या, पिले आम्ही विकत घेऊ’ असे कोणी सांगत आल्यास ग्रामपंचायतीने पुढील खरेदीची लेखी हमी, तिची मुदत आणि देणाऱ्याची ऐपत तपासल्याखेरीज गावातील तरुणाला कर्जाच्या कागदावर सही करू देऊ नये. सशांच्या आजाराबाबत जवळचा पशुवैद्यकीय दवाखाना, आणि तेथे निदान न झाल्यास अकोल्याची स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था, असा क्रम ठेवावा. ससा नेताना टोपलीवर ओला कपडा टाकावा आणि प्रवास सूर्योदयापूर्वी करावा.