एक मिनिट श्वास मोजायला

१९५५ मध्ये पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये पेनिसिलिन तयार होऊ लागलं, तेव्हा काळजी होती ती औषध मुलांपर्यंत पोचण्याची. आता बऱ्याच घरांत फ्रिजच्या दारात अँटिबायोटिकच्या ड्राय सिरपची अर्धवट बाटली असते, आणि पुढच्या सर्दीला तीच काढली जाते.

या प्रवासात गडचिरोलीपाशी थांबायलाच हवं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस ५८ गावांत न्यूमोनियाविरुद्ध काम उभं केलं. निरक्षर दायांना मोठे आकडे मोजता येत नव्हते, म्हणून वाळूचं घड्याळ आणि मणी दिले. बाळाच्या पोटाकडे बघत दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. ठरलेल्या मण्यापर्यंत पोचण्याआधीच वाळू संपली, तर अँटिबायोटिक नाही. १९९० साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले: उपचारांच्या गावांत न्यूमोनिया झालेल्यांपैकी ०.८ टक्के मुलं दगावली, तुलनेच्या गावांत १३.५ टक्के. औषध दिल्याने मुलं वाचली, हे सगळ्यांच्या लक्षात राहिलं. कुणाला द्यायचं नाही हेही त्या मण्यांनीच ठरवलं होतं. ते मात्र आपण विसरलो, याचं मला फार वाईट वाटतं.

पुढे सरकारी प्रशिक्षणातही हीच रीत आली. दोन महिन्यांपासून वर्षापर्यंतच्या बाळाचे श्वास मिनिटाला ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा जास्त असतील, तर न्यूमोनिया धरायचा. एरवी साधी सर्दी विषाणूंची, आपोआप बरी होणारी. पण गर्दीच्या ओपीडीत एक मिनिट कोण मोजणार? न्यूमोनिया सुटला तर, ही डॉक्टरची धास्ती. तिसऱ्या दिवशीही ताप आहे, ही आईची. दोन्हींवर उतारा म्हणून चिठ्ठीवर अझिथ्रोमायसिन येतं.

मार्च २०१४ पासून शेड्यूल एच-१ लागू झालं. सेफिक्झिमसारखी औषधं विकताना दुकानदाराने रजिस्टरमध्ये नोंद ठेवायची. २०१६ मध्ये ‘चिठ्ठीशिवाय घेऊ नका’ असं सांगणाऱ्या पाकिटावरच्या लाल रेघेची मोहीम आली. दोन्ही गरजेचं, पण नजर दुकानाच्या काउंटरवर. चिठ्ठी लिहिणारा हात तसाच मोकळा.

मला जास्त आशा लसीकडून आहे. न्यूमोकोकल लस २०१७ पासून टप्प्याटप्प्याने सरकारी लसीकरणात आली, २०२१ मध्ये देशभर पोचली. सहा आठवडे, चौदा आठवडे आणि नऊ महिने, असे तीन डोस. ते पूर्ण झालेलं मूल खोकत आलं, तर “दोन दिवस थांबू, श्वास जलद वाटला किंवा दूध सोडलं तर लगेच आणा,” असं म्हणणं डॉक्टरला पूर्वीपेक्षा सोपं जातं.