तान्ह्या मुलाचा खर्च आणि घरचें साहित्य

आमच्या वाचकांपैकीं रत्नागिरी, सिंधुदुर्ग, सातारा या बाजूंचीं अशीं घरें थोडींच असतील, कीं ज्यांचें एखादें माणूस परळ, लालबाग, दादर अथवा गिरगांव येथें राहिलें नाहीं. १९८२ च्या संपानंतर कापडगिरण्या एकामागून एक बंद पडल्या, आणि चाळींच्या जागीं उंच इमारती उभ्या राहत आहेत. तरी पहिल्या बाळंतपणास लेक माहेरीं यावी, व बाळास घेऊन परततांना गांवाकडचें गांठोडें तिच्याबरोबर जावें, ही रीत अद्याप मोडलेली नाहीं. त्या गांठोड्यांत काय असावें आणि काय नसावें, याविषयीं आज लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम कापडाचा विचार करूं. एकदां वापरून टाकावयाच्या लंगोटास नगास १० रुपये व दिवसास सहा नग धरले, तरी महिन्यास १,८०० रुपये होतात. उलट पुष्कळ धुण्यानें मऊ झालेलीं दोन नऊवारी सुती लुगडीं घेऊन, विरलेला भाग टाकून, सव्वा हात चौरस तुकडे कापले असतां दोनपदरी लंगोट सहज दोन डझन होतात. उरल्या कापडाचीं दुपटीं, झबलीं व कुंची शिवावी. झबल्यास गुंड्या वा टांचण्या न लावतां पुढें कापडी बंद लावावे. कापड सुतीच असावें. कृत्रिम धाग्याचें कापड ओल शोषीत नाहीं. रंग जाणारें कापडही वापरूं नये.

मुंबईंत खरी अडचण पावसाळ्याची आहे. चाळीच्या गॅलरींत चार महिने कपडे नीट वाळत नाहींत, आणि दमट लंगोटानें मुलाची कातडी सोलवटते. म्हणून दोन डझनांहून कमी लंगोट देऊं नयेत. धुतांना साबणाचा अंश पूर्ण काढावा, मळ राहिल्यास उकळत्या पाण्यांतून काढावे, व ऊन नसेल त्या दिवशीं इस्त्री फिरवून कोरडे करावे. बाहेर जातांना अथवा रात्रीं एखादा बाजारचा लंगोट वापरला, तर त्यांत कमीपणा मानूं नये.

दुसरी वस्तु धान्याची. पहिले सहा महिने मुलास आईच्या दुधावांचून कांहीं नको, पाणी व गुटीही नको, असा आजच्या वैद्यकशास्त्राचा स्पष्ट निर्णय आहे. त्यापुढें दुधाच्या जोडीस पातळ अन्न सुरू करावयाचें, तेव्हां आमच्या शेतांतील नाचणी उपयोगी पडते. शंभर ग्रॅम नाचणींत सुमारें ३४० मिलिग्रॅम कॅल्शियम असतें. तांदळांत त्याचा अल्पसा अंशच असतो. नाचणी निवडून रात्रभर भिजवावी, फडक्यांत बांधून मोड आणावे, सावलींत वाळवून मंद विस्तवावर भाजावी, व दळून वस्त्रगाळ करावी. मोड आल्यानें लापशी घट्ट गोळा होत नाहीं; थोड्या लापशींत अधिक पीठ घालतां येतें व मुलाच्या पोटांत अधिक अन्न जातें. हेंच पीठ डब्यांत भरून दादर-गिरगांवच्या दुकानांत मोठ्या किंमतीस विकलें जातें. वर्ष पुरें होईपर्यंत त्यांत साखर, मीठ वा मध घालूं नये.

आतां घरीं करूं नये असें सांगतों. येथें आमच्या कांहीं वडीलधाऱ्या वाचकांस राग येईल, परंतु काटकसर कोठें थांबवावी हें सांगितल्यावांचून काटकसरीचा उपदेश अपुरा राहतो. काजळ कितीही शुद्ध तुपाचें पाडलें, तरी तें डोळ्यांत घालूं नये. नाळेस राख, हळद, तेल यांपैकीं कांहीं लावूं नये. ती कोरडी व स्वच्छ ठेवावी. खोबरेल अंगास चोळावें, नाकाकानांत सोडूं नये. दहा बाय बाराच्या बंद खोलींत शेगडीवर धुरी देणें तर बाळ-बाळंतीण दोघांच्याही छातीस घातक होय. मोहरीच्या उशीचीही गरज नाहीं; मुलास सपाट गोधडीवर उताणें निजवावें. आणि भुकटीच्या दुधांत पाणी वाढवून डबा अधिक दिवस पुरविणें ही काटकसर नव्हे. ती मुलाची उपासमार आहे.

स्वस्त उपायाची किंमत गिरणगांवानें पूर्वी मोजलेली आहे. गिरणींत जाणाऱ्या आईस तान्हें मूल खोलीवर ठेवून जावें लागे. १९२२ सालीं मुंबई सरकारनें डॉ. बार्न्स या स्त्री-डॉक्टरकडून गिरणीकामगार स्त्रियांच्या स्थितीची चौकशी करविली, तींत मुलें निजून राहावीं म्हणून त्यांस अफू देण्याचा प्रघात सर्रास असल्याचें आढळलें. ही अफूची 'बाळागोळी' थोड्या पैशांत मिळे. यांत आईस दोष देणें अन्यायाचें होईल. बाळंतपणांत काम सोडून राहणाऱ्या स्त्रीस पैसे देण्याचा मुंबई इलाख्यांतील कायदाच मुळीं १९२९ सालीं झाला.

आज स्थिति निराळी आहे. परळ येथें केईएम व वाडिया प्रसूतिगृह हीं १९२६ पासून, आणि मुलांचें वाडिया रुग्णालय १९२९ पासून चालू आहे. आईस दूध कमी पडल्यास किंवा मूल अपुऱ्या दिवसांचें असल्यास, शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयांत डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनीं १९८९ सालीं मातृदुग्धपेढी स्थापन केली, हें ध्यानांत असावें. तेव्हां लंगोटांत वांचलेला पैसा सांठवून, मूल दूध ओढीनासें झालें, तापलें किंवा गळून गेलें, कीं तो टॅक्सीस व औषधास खर्चावा.

म्हणून लेकीच्या गांठोड्यांत दोन डझन लंगोट, सहा दुपटीं, चार झबलीं, एक कुंची, एक पातळ गोधडी व खोबरेलाची बाटली द्यावी. नाचणीचें पीठ मात्र सहाव्या महिन्यानंतर, ताजें दळून, मुंबईस जाणाऱ्या माणसाच्या हातीं पाठवावें. काजळाची डबी घरींच ठेवावी.