भिवंडीला दाटी नडते की पसारा?

भिवंडीच्या धामणकर नाक्यावर यंत्रमागांची पाळी सुटली की रस्ता दिसेनासा होतो. रिक्षा, कापडाचे तागे लादलेले टेम्पो आणि त्यातून वाट काढणारे कामगार. अशा वेळी भिवंडीकराच्या तोंडी एकच वाक्य येतं: गावात माणसं फार झाली.

आकडे वरवर पाहिले तर ते पटतंही. 2011 च्या जनगणनेत महापालिकेच्या साधारण 26 चौरस किलोमीटर हद्दीत सात लाखांहून जास्त लोक मोजले गेले. म्हणजे चौरस किलोमीटरला सुमारे 27 हजार. पण पॅरिस शहराच्या हद्दीतही चौरस किलोमीटरला 20 हजारांच्या आसपास लोक राहतात, तेही बहुतेक पाच-सात मजली इमारतींत. जगभरचे लोक ते शहर पायी फिरायला जातात. दोन्ही शहरांच्या जगण्यात जे अंतर आहे, ते या सात हजारांच्या फरकाने पडलेलं नाही.

घनता आणि दाटी हे शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो, आणि घोटाळा तिथेच सुरू होतो. जमिनीच्या एका तुकड्यावर किती माणसं राहतात ती घनता. एका खोलीत किती माणसं झोपतात ती दाटी. भिवंडीत परप्रांतांतून आलेले मागकामगार एकच खोली दिवसपाळी आणि रातपाळीत वाटून घेतात. एक कामाला गेला की दुसरा त्याच जागेवर पाठ टेकतो. हा त्रास घरं कमी पडल्याचा आहे. अशा शहरात घरं कमी बांधा म्हणणं हा त्यावरचा उपाय कसा ठरेल?

साधं गणित आहे. एक हेक्टर जमिनीवर 200 कुटुंबांना घरं द्यायची आहेत. जिने, भिंती धरून प्रत्येक घराला 50 चौरस मीटर लागतात असं मानू. सगळी घरं बैठी बांधली तर हेक्टरभर जमीन पुरती झाकली जाते, गल्लीलाही जागा उरत नाही. तीच घरं पाच मजल्यांत बसवली तर इमारतींखाली जमिनीचा पाचवा हिस्सा जातो. बाकी जागेत रस्ता, गटार, झाडं, मुलांचं मैदान, सगळं मावतं. त्यासाठी गगनचुंबी मनोरे लागत नाहीत. इमारत जितकी उंच, तितकं शेजारच्या इमारतीशी अंतर ठेवावं लागतं, त्यामुळे मजल्यांमागे मिळणारा फायदा हळूहळू घटत जातो.

दाट वस्ती म्हणजे धोकादायक इमारत, हीही एक पक्की समजूत. 21 सप्टेंबर 2020 च्या पहाटे पटेल कंपाउंडमधली जिलानी इमारत झोपलेल्या कुटुंबांवर कोसळली. तीसहून अधिक जीव गेले. एप्रिल 2023 मध्ये शहराबाहेर वळ गावात इमारत पडली; तिथे खाली गोदाम होतं आणि वर कुटुंबं राहत होती. दोन्ही इमारती तीन-चार मजल्यांपलीकडच्या नव्हत्या, आणि वळ तर महापालिकेच्या हद्दीतही येत नाही. माणसांचा जीव वाचतो तो पाया, सळई, सिमेंट आणि वेळच्या वेळी झालेल्या तपासणीने.

रोगराईचंही तसंच. जुलै 2020 मध्ये मुंबईच्या तीन प्रभागांत रक्तातली कोविडची प्रतिपिंडं तपासली गेली. झोपडपट्टीत 57 टक्के, तर त्याच प्रभागांतल्या इतर इमारतींत 16 टक्के लोकांमध्ये ती सापडली. प्रभाग तेच, शहर तेच. सामायिक शौचालयं आणि भरलेल्या खोल्या हे या तफावतीचं एक संभाव्य कारण मानलं गेलं.

आता हद्दीबाहेर पाहू. काल्हेर, पूर्णा, दापोडे, माणकोली, सोनाळे: जिथे भातशेती होती तिथे पत्र्यांची गोदामं पसरली आहेत. मुंबईची जकात चुकवून माल ठेवायला ही जागा सोयीची होती, पुढे ऑनलाइन खरेदीने मागणी आणखी वाढवली. भाताचं खाचर पावसाचं पाणी बांधाआड अडवून धरतं. एक हेक्टर पत्र्यावर 100 मिलिमीटर पाऊस पडला तर 10 लाख लिटर पाणी खाली येतं, आणि ते ताबडतोब नाल्याला लागतं. पावसाळ्यात कामवारी नदीच्या काठच्या वस्तीत पाणी शिरलं की आपण दाटीला बोल लावतो. पसाऱ्याचा हिशेब कुणी मांडत नाही.

पसाऱ्याची दुसरी किंमत प्रवासात मोजावी लागते. नगररचनेचे अभ्यासक अलेन बर्टो यांनी 1990 च्या सुमाराची दोन शहरं शेजारी ठेवली. अटलांटा आणि बार्सिलोना, लोकसंख्या दोन्हीकडे जवळपास सारखी. बार्सिलोनाच्या बांधीव भागात सर्वांत दूरच्या दोन ठिकाणांत 37 किलोमीटर अंतर होतं, अटलांटात 137. बार्सिलोनाच्या 60 टक्के लोकांना 600 मीटरच्या आत मेट्रो स्थानक मिळे. तेवढीच सोय करायला अटलांटाला आणखी 3,400 किलोमीटर रूळ टाकावे लागले असते.

ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रो 5 चा मार्ग याच मुलखातून जातो. काल्हेर, पूर्णा, अंजूरफाटा अशी त्यावरची स्थानकं. स्थानकापासून चालत दहा मिनिटांच्या आत जे बांधलं जाईल त्यावर डब्यांतली माणसं ठरतील. तिथे गोदामांचे पत्रे राहिले तर गाडी रिकामी धावेल. आज दोन पाळ्यांत एक खोली वाटून घेणाऱ्यांना परवडतील अशी पाच मजली घरं तिथे उभी राहिली, तर धामणकर नाक्यावरच्या त्या गर्दीतले काहीजण तरी जिना चढून फलाटावर जातील.