इंजिन मोठं करण्याआधी

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची मासेमारी बंदी असते. होड्या वर ओढून शाकारलेल्या, जाळी ओट्यावर आणि घरातले पुरुष घरात. या दोन महिन्यांत हर्णै, जयगड, मिरकरवाडा कुठेही जा, आपल्या मच्छीमार घरांतून एक विषय हमखास निघतो: यंदा इंजिन बदलायचं का? शेजारची होडी आपल्याला मागे टाकून पुढे जाते, तिचा माल आधी बंदराला लागतो, आणि लिलावात आधी आलेल्या टोपलीला भाव चांगला मिळतो. तक्रार खोटी नाही.

आमच्या घरीही दोन पावसाळे हा वाद चालला. धाकट्या भावाला ४० हॉर्सपॉवरच्या जागी सरळ ८० हवी होती. अब्बांचं म्हणणं, जुनं इंजिन अजून बोलतंय तोवर बोलू द्या. पैशाची गोष्ट भाबीच्या बांगड्यांपर्यंत आली, तेव्हा मात्र आम्ही सगळे कागद-पेन घेऊन बसलो. त्या बैठकांत जे शिकलो आणि नंतर मिस्त्रीच्या हाताखाली जे पाहिलं, ते इथे सांगत आहोत. होडी नसलेल्या वाचकांनाही यात घरखर्चाचं काहीतरी सापडेल.

पहिली गोष्ट पाण्याची. होडी चालते तेव्हा ती स्वतःची लाट तयार करते. वेग वाढला की ही लाट लांब होते. एका वेगाला लाटेची लांबी होडीच्या लांबीइतकी होते. नाळ एका लाटेवर, मागचा भाग दुसऱ्या लाटेवर; वेग याहून वाढवला की मागचा भाग खळग्यात बसतो. इथून पुढे इंजिन होडीला पुढे ढकलत नाही, तर तिनेच तयार केलेल्या डोंगरावर चढवत असतं. विल्यम फ्रूड नावाच्या इंग्रज अभियंत्याने जहाजांच्या लहान प्रतिकृती पाण्यात ओढून याचा अभ्यास केला. १८७२ साली इंग्लंडमधल्या टॉर्की इथे त्यासाठी त्याची लांबलचक टाकीच उभी राहिली. त्या शास्त्रातून आलेला ठोकताळा सोपा आहे: होडीची पाण्याला टेकलेली लांबी फुटांत मोजा, तिचं वर्गमूळ काढा, त्याला १.३४ ने गुणा. येईल तो आकडा म्हणजे त्या होडीचा सोयीचा कमाल वेग, नॉटमध्ये.

आमची होडी पाण्यात ३६ फूट. वर्गमूळ ६, गुणाकार ८. म्हणजे ८ नॉट, ताशी साधारण १५ किलोमीटर. ८० चं इंजिन बसवा नाहीतर १५० चं, ही होडी दहा नॉटने धावणार नाही. तिच्या मागे लाट मोठी होईल आणि डिझेलची टाकी लहान. मुरुड-मालवणला पर्यटकांच्या स्पीडबोटी सुळकन जाताना दिसतात. त्यांचा तळ सपाट, अंग हलकं. त्या पाणी कापत नाहीत, पाण्यावर चढून घसरतात. बर्फ, जाळी आणि सहा खलाशी भरलेल्या आपल्या गोल पोटाच्या होडीची तुलना त्यांच्याशी करणं म्हणजे बैलगाडीची सायकलशी.

दुसरी गोष्ट डिझेलची, आणि इथे धाकट्याचा चेहरा पडला. होडीचा वेग वाढवायचा तर ताकद त्या प्रमाणात नाही, साधारण घनाच्या प्रमाणात वाढवावी लागते. ६ नॉटला २५ हॉर्सपॉवर लागत असेल, तर ८ नॉटला ३३ पुरत नाही, ५९ लागते. चांगल्या स्थितीतलं डिझेल इंजिन एका हॉर्सपॉवरमागे तासाला सुमारे एक पंचमांश लिटर पितं. आता २४ सागरी मैलांवरचं मासेमारीचं ठिकाण धरा. ६ नॉटने चार तास, २० लिटर. ८ नॉटने तीन तास, ३५-३६ लिटर. जाऊन-येऊन दोन तास वाचले आणि तीसेक लिटर जास्त जळलं. वेग जसजसा त्या कमाल आकड्याजवळ जातो, तसं प्रत्यक्षात याहूनही जास्तच जळतं. या तीस लिटरला आपल्या बंदरातल्या दराने गुणा, मग हंगामातल्या फेऱ्यांनी गुणा. दोन तास लवकर पोहोचून लिलावात तेवढा जास्त भाव मिळतो का, हा प्रश्न प्रत्येक घराने स्वतःच्या वहीतून सोडवायचा आहे.

हे पैसे एकट्या नाखव्याच्या खिशातून जात नाहीत, हेही ध्यानात ठेवायला हवं. आपल्याकडे विक्रीतून आधी डिझेल, बर्फ, शिधा वजा होतो आणि उरलेल्या रकमेचे वाटे पडतात: होडीचा, जाळ्याचा, तांडेलाचा, खलाशांचा. डिझेल वाढलं की प्रत्येक खलाशाचा वाटा लहान होतो. इंजिन मोठं केलं आणि दुसऱ्या हंगामात चांगले खलाशी दुसऱ्या होडीवर गेले, असं किनाऱ्यावर घडलेलं आम्ही पाहिलं आहे. त्यांचं काय चुकलं?

मग जास्त ताकद कधीच नको का? तसंही नाही. ट्रॉलरला जाळं ओढायचं असतं. तिथे प्रश्न वेगाचा नसून ओढीचा असतो आणि ताकदीचा उपयोग होतो. शिवाय दाभोळ, बाणकोट, जयगड अशा खाडीच्या तोंडाशी ओहोटीचा ओढ आणि समोरून वारा असेल, तेव्हा हाताशी राखीव ताकद नसलेली होडी रेतीच्या दांड्यावर जायला वेळ लागत नाही. ऑगस्टच्या सुरुवातीचा समुद्र ज्याने पाहिला आहे, तो या मुद्द्यावर वाद घालणार नाही. आमच्या घरी अम्मीने हाच मुद्दा लावून धरला. तिला वेगाशी देणंघेणं नव्हतं; पोरं खाडीत नीट शिरली पाहिजेत, एवढंच. पण राखीव म्हणजे चौथा हिस्सा, फार तर तिसरा. दुप्पट इंजिन बसवून ते सदा अर्ध्याहून कमी भारावर चालवलं, तर डिझेल नीट जळत नाही, काजळी धरते, लायनर गुळगुळीत होऊन इंजिन तेल खायला लागतं.

शेवटी ठरलं ते असं: रोजच्या चालीला ५०-५५, वर थोडी राखीव, म्हणजे सतत चालू शकेल अशी ७० हॉर्सपॉवर. आणि ती नव्या इंजिनातून नव्हे, तर ट्रकचं जुनं सहा सिलिंडरचं इंजिन उघडून, समुद्रासाठी बांधून.

इथे एक गोष्ट उलटी वाटते. रस्त्यावर शंभराच्या वर हॉर्सपॉवर देणारं इंजिन घ्यायचं आणि समुद्रात त्याच्याकडून सत्तरच मागायचे. कारण ट्रक पूर्ण ताकद लावतो तो घाटात, थोडा वेळ. माथ्यावर पोहोचला की इंजिनाला विसावा. होडीला माथाच नाही. ती कुंभार्ली घाट सलग चार तास चढत असते. म्हणूनच कंपन्या एकाच इंजिनाचे वेगवेगळे आकडे देतात: सतत चालण्याचा, अधूनमधून वापराचा, हौशी बोटीचा. विकणारा सर्वांत मोठा आकडा सांगतो. आपण पहिला विचारायचा.

ताकद वाढवण्याचा स्वस्त मार्गही किनाऱ्यावर सर्वांना ठाऊक आहे: डिझेल पंपाचं सील तोडून स्क्रू फिरवायचा. जास्त डिझेल, जास्त जोर. पण सिलिंडरमध्ये हवा तेवढीच असते. जादा डिझेल काळा धूर होऊन बाहेर पडतं, धुराचं तापमान चढतं आणि एक दिवस पिस्टनचा माथा वितळतो, तोही किनाऱ्यापासून वीस वाव पाण्यात. टर्बो हवा वाढवतो हे खरं, पण त्याबरोबर पिस्टन, तेलाचा पुरवठा, थंड करण्याची सोय सगळं त्या बेताचं लागतं. फेरे वाढवणं हा तिसरा मार्ग. फेरे दुप्पट केले की कनेक्टिंग रॉडवरचा ताण चौपट होतो. आमच्या मिस्त्रीने तिन्हींना नकार दिला. मोठं इंजिन, कमी काम, हा त्याचा हिशेब.

जुलैच्या पावसात पत्र्याखाली इंजिन उघडलं. क्रँक मायक्रोमीटरने मोजला, लायनर, पिस्टन, रिंगा, बेअरिंगं नवी घातली, पंप आणि नोजल बाहेर टेस्टिंगला दिले. हे काम कुठलाही चांगला मिस्त्री करतो. खरा फरक त्यानंतरच्या कामांत होता.

थंड करण्याचंच पाहा. डिझेल जाळून जी उष्णता होते, तिचा ढोबळमानाने तिसरा हिस्सा पंख्याला मिळतो, तिसरा धुरातून जातो आणि उरलेला पाण्याला घ्यावा लागतो. ट्रकला समोरून वारा आणि रेडिएटर असतो. होडीत वारा नाही, समुद्र आहे. खारं पाणी थेट ब्लॉकमधून फिरवलं तर लोखंड गंजतं आणि पाणी साधारण ६० अंशांच्या वर तापलं की आत क्षार बसू लागतात. म्हणून ब्लॉकमध्ये गोडं पाणी आणि त्याला बाहेरून थंड करणारं खारं पाणी, मध्ये हीट एक्स्चेंजर. किंवा होडीच्या तळाखालून नळ्या फिरवून त्यातच गोडं पाणी थंड करणं. आम्ही पहिला मार्ग घेतला. त्यातल्या जस्ताच्या कांड्या इंजिनाऐवजी स्वतः झिजतात, त्या वेळच्या वेळी बदलाव्या लागतात. खाऱ्या पाण्याच्या पंपाचा रबरी इंपेलर होडीवर नेहमी एक जादा ठेवायचा. त्याची किंमत इंजिनापुढे काहीच नाही.

मग शाफ्ट. ताकद दुप्पट आणि फेरे तेच, तर शाफ्टची जाडी सव्वापट लागते. आम्ही गिअर बदलून शाफ्टचे फेरे कमी केले होते, त्यामुळे पीळ आणखी वाढला आणि ४० मिलिमीटरचा शाफ्ट ५५ चा झाला. शाफ्ट जाड म्हणजे नळी नवी, बेअरिंग नवं, कपलिंग नवं. इंजिनाची किंमत विचारून घरी येणारे बहुतेकजण हा खर्च धरतच नाहीत. आमच्याकडे तो इंजिनाच्या निम्म्याच्या वर गेला.

फेरे कमी का केले? कारण जड होडीला लहान पंखा भरभर फिरण्यापेक्षा मोठा पंखा सावकाश फिरलेला मानवतो. इंजिनाचे १८०० फेरे, गिअर तीनास एक, पंख्याचे ६००. त्यासाठी पंख्याच्या टोकापासून तळापर्यंत व्यासाच्या साधारण १५ टक्के मोकळी जागा हवी, नाहीतर होडी थरथरते. आमच्या होडीत ती होती. इंजिनाखालच्या लाकडी तुळया मात्र लांब करून पुढच्या दोन वाखांना बांधून घेतल्या, म्हणजे धक्का एका जागी न बसता अंगभर वाटला जातो.

शाफ्टची रेघ जुळवणं हे काम होडी जमिनीवर असताना करू नये. होडी पाण्यात उतरली की तिचं अंग थोडं बदलतं. एक-दोन दिवस तरंगू द्यायची, मग कपलिंगच्या दोन तबकड्यांमधली फट पातळ पट्टीने चारही बाजूंनी मोजायची. कपलिंगच्या व्यासाच्या प्रत्येक इंचामागे इंचाच्या हजाराव्या भागाहून जास्त फरक नको. मिस्त्री ‘चालेल’ म्हणाला, तरी पट्टी मागायची.

शेवटची परीक्षा भरल्या होडीची. बर्फ, पाणी, जाळी, माणसं सगळं घेऊन पूर्ण थ्रॉटल द्यायचा आणि फेरे पाहायचे. १८०० चं इंजिन १८०० पर्यंत गेलं पाहिजे. आमचं पहिल्या दिवशी १६५० ला अडलं आणि धूर दिसला, म्हणजे पंख्याची पिच जास्त होती. पंखा काढून कारखान्यात पिच उतरवून आणली, दुसऱ्या वेळी १७९० आले. या एका चाचणीवाचून सोडलेलं इंजिन रोज ओझ्याखाली कण्हत राहतं आणि दोष बिचाऱ्या इंजिनाला लागतो. कित्येक घरांत तर इंजिन बदलायची गरजच नसते. तळाचं शेवाळ आणि चिकटलेले शिंपले खरवडून, वाकलेला पंखा सरळ करून हरवलेला वेग परत येतो. आम्हीही आधी तेच केलं होतं. अर्धा नॉट फुकट मिळाला.

राहिला पैसा. व्यापाऱ्याकडून उचल घेतली तर माल त्यालाच, त्याच्या भावात द्यावा लागतो. ते व्याजच, फक्त त्याचं नाव वेगळं. आमच्या घरी तीन भावांनी आणि भाबीने मिळून रक्कम उभी केली. भाबीचं सोनं तिचं स्वतःचं होतं. ‘घरच्या कामाला दिलं’ असं म्हणून ते विसरून जाणं फार सोपं असतं, आणि आपल्या घरांतून ते फार वेळा घडतं. कुरआनमधली सर्वांत लांब आयत, सूरह बकराची २८२ वी, उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दलच आहे. आम्ही स्टॅम्प पेपरवर लिहिलं: होडीच्या वाट्यातला चौथा हिस्सा भाबीचा, नफ्यातही आणि नुकसानीतही, साक्षीदार दोन. तेव्हापासून डिझेलची वहीही तीच ठेवते. प्रत्येक फेरीला किती लिटर, किती तास, किती माल. तिने विचारल्याशिवाय तांडेल थ्रॉटल पुढे करत नाही, असं धाकटा चेष्टेने म्हणतो. वही पाहिली तर ते फार खोटंही नाही.

एक काम मात्र बंदी उठण्याआधी उरकून घ्यायला हवं. होडीच्या नोंदणीवर इंजिनाचा नंबर आणि हॉर्सपॉवर लिहिलेली असते. इंजिन बदललं की मत्स्यव्यवसाय कार्यालयात ती नोंद बदलून घ्यावी आणि विमा कंपनीलाही लेखी कळवावं. कागदावर ४० आणि तळाशी ७०, अशी होडी बुडाली तर भरपाईच्या वेळी पहिला प्रश्न तोच निघेल. अर्जासोबत इंजिनाच्या खरेदीची पावती लागते. जुनं इंजिन घेतलं असेल तर विकणाऱ्याची सहीची चिठ्ठी तेव्हाच मागून ठेवावी. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात कार्यालयात रांग मोठी असते.